नावाडी, चौथी पास

नागपूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. ललिताकाकूस,
चंद्रशेखरचा सा. जयभीम वि. वि.

फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितो. काका गेल्यापासून आमचा रविवारचा खेळ बंद आहे. मी बनवलेला हा खेळ तुला वाटीतल्या फाशांच्या खडखडाटावरून माहीत. चौघांनी मिळून गोष्ट रचायची. कुणी वैदू, कुणी शिकारी; या भूमिकेला खेळात ‘वर्ग’ म्हणतात. काका पलंगावरून, फोनवर, नावाडी व्हायचे.

नावाड्याची खरी ओळख म्हणजे त्याची हाक. त्यानं काठावरून हाक दिली की पुरात हरवलेला सोबती परत येतो. पण माझ्या नियमात खेळत खेळत पातळ्या चढायच्या, आणि ती तिसऱ्या पातळीवर मिळते आणि काका दुसरीवरच राहिले. आमच्यात खेळणारा, खोलीवरचा रत्नपाल म्हणतो, हाक नाही तर तो नावाडी कशाचा, पहिल्याच दिवशी दे. मी म्हणतो, आधी कमवावी लागते. नियमांचं पुस्तक या महिन्यात छापायला जाईल, त्याआधी ठरवायचं आहे; सोबत नियम पाठवतो आहे. काकांच्या नावाड्याला गोष्टीत मारून टाक, असंही खेळातली मुलं म्हणतात. माझ्याच्यानं होत नाही. काय करू?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
चंद्रशेखर

अर्जुनी मोरगाव,
१६ फेब्रुवारी

चि. चंद्रशेखर यास अ. आ. व जयभीम.

इकडे उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे. विहारातून आणलेलं पुस्तक बाजूला ठेवून तुझे नियम वाचले. काकांनी खेळासाठी भरलेला कागदही काढला. ‘वर्ग’ या जागी त्यांनी ‘चौथी पास’ लिहिलं आहे. मी म्हटलं होतं, तिथं नावाडी लिहा जी. तर म्हणाले, वर्ग विचारला तर वर्ग सांगन, खोटं काऊन लिहू? ‘पातळी’पुढे तलावाचं पाणी लिहायला निघाले होते, ते मी अडवलं.

आधी तुझंच म्हणणं पटलं. लग्न लागलं त्या दिवशी लोकांनी मला बायको म्हटलं, पण या माणसाशी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे कळायला वर्षं गेली. पहिल्याच दिवशी ते हाती आलं असतं तर मला पेललं नसतं.

मग आठवलं. खेळ संपला की मी विचारायची, भेटली का हाक? ते म्हणायचे, भेटून राहिली, थांब. शेवटी जीभ जड झाली तरी तेच म्हणाले.

तिसरी पातळी प्रत्येकाला येतेच असं तू धरून चालला आहेस. हाक पहिल्या दिवशी दे. पण बारीक दे, बाजूच्या माणसाला ऐकू जाईल एवढी. पुढे मोठी होऊ दे. माझ्याकडे पाहून नियम बदलू नको. तुला चूक वाटत असेल तर तसं लिही.

वेळेवर जेवत जा, आणि या घराची आठवण ठेव.

काकू

नागपूर,
२३ फेब्रुवारी

ती. काकूस सा. जयभीम.

पत्र खोलीवर मोठ्यानं वाचलं. रत्नपालनं जिंकल्याचा चहा वसूल केला.

तू सांगितलेला नियम खेळून पाहिला. एवढीशी हाक कुणासाठी खर्च करायची यावर आम्ही इतके भांडलो की घरमालक वर आले. माझा नियम चुकला होता. आता पुस्तकात तुझाच जाईल.

नवा नियम काकांनाही लागू आहे. म्हणजे हाक त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, फक्त वापरली नाही. ती कुणाला द्यायची, हे तू ठरव. येत्या रविवारी ते सांगायला तरी फोनवर ये.

उत्तराची वाट पाहणारा,
चंद्रशेखर

अर्जुनी मोरगाव,
२७ फेब्रुवारी

चि. चंद्रशेखर यास अ. आ.

वापरली नाही, हे कोणी सांगितलं तुला? ते पलंगावर खेळायचे, मी खाली तांदूळ निवडत बसायची. ललिता, चष्मा कुठं आहे. ललिता, पाणी दे. ललिता, फासा पलंगाखाली गेला. बाजूच्या माणसाला ऐकू जाईल एवढीच हाक होती, आणि मी दर वेळी उठली.

त्यांच्या नावाड्याला काठावर बसू दे. त्याच्याकडून आता काही करून घेऊ नको.

रविवारी मी खेळते. पहिल्या पातळीपासून, नवा नावाडी. कागद भरून ठेवला आहे. वर्ग विचारला आहे, तिथं मीही ‘चौथी पास’ लिहिलं आहे. खोडू नको.

फोन तूच लाव. फासे वाटीतच आहेत.

तुझी काकू,
ललिता