शिरगावच्या चिखलाची बातमी

साखळी, सप्टेंबर १९८६

उल्हासभाई,

खाणीचा बांध फुटून शिरगावात आमचं भात लाल चिखलाखाली गेलं. ती बातमी मी तुझ्या मराठी दैनिकाला तीनदा पाठवली. फोनवर तू म्हणालास, "सुले, सध्या पानं मराठीला गोव्याची राजभाषा करण्याच्या आंदोलनाला हवीत." दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर त्याच खाणमालकाची जाहिरात आली!

मग मी तीच बातमी कोंकणीत लिहून कोंकणी दैनिकाला दिली. त्यांनी ती छापली आणि मामलेदार पंचनाम्याला शेतात आला.

काल भर गणेशचवथीत, माझ्या सासूबाईंसमोर तू मला "मराठीची वैरीण" म्हणालास. लहानपणी मला अक्षरं तूच, माझ्या थोरल्या भावाने, शिकवलीस, म्हणून तुझ्या पानात आणखी एक मोदक वाढला. वैर मराठीशी नाही, तुझ्याशी आहे.

हे पत्र पाठवणार नाही. तू यातलाही चिखल गाळशील.

सुलभा