शेजारच्या ताऱ्याचा राडारोडा

गुरुवार, १२ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे. आईचा गुडघा कसा आहे? ट्रक पासिंगला गेला होता, तो आला का?

इथे तारांगणात नवं दालन उघडतंय. फलकांचा मजकूर माझ्याकडे आहे. एका फलकावर आपल्या शेजारचा तारा आहे. शेजारचा म्हणजे त्याचा उजेड इथे पोचायला पंचवीस वर्षं लागतात! त्याच्याभोवती फुटक्या दगडांची नि धुळीची कडी फिरतात. ग्रह बांधून उरलेलं, आपटून फुटलेलं, सगळं एकत्र. मी लिहिलं, ‘ताऱ्याभोवतीचा राडारोडा’, आणि फलक भिंतीवर लागलाही.

संचालक भडकले. “अहो, हा तारा आहे, पाडकामाची साइट नव्हे! ‘अवशेष-चकती’ लिहा.”

“पाडकामच चाललंय तिथं, सर. चव्वेचाळीस कोटी वर्षं.”

मजकूर तपासणाऱ्या समितीतल्या एकानं नाक मुरडलं. “हा शब्द आणलात कुठून?”

बाबा, आता खरं लिहायलाच हवं. गेल्या वर्षी माझा विसरलेला चष्मा द्यायला तुम्ही इथे आलात, ट्रकवरून तसेच, केसांत सिमेंट. कोण आहेत, असं सहकाऱ्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, “आमच्या बिल्डिंगचं काम करणारे.” तुम्ही ऐकलंत. “येतो, मॅडम,” म्हणालात नि गेलात. तेव्हापासून फोनवर आईच येते. मी तुम्हाला नाकारलं, बाबा. त्याची मला फार लाज वाटते.

परवा मात्र सगळ्यांना सांगून टाकलं. “शब्द माझ्या वडिलांचा. तीस वर्षं राडारोडा वाहतात. नुसता ढीग बघून सांगतात, घरात मोरी कुठे होती, चूल कुठे होती. तुम्ही तरी वेगळं काय करता? कड्यांमधली फट बघून न दिसणारा ग्रह ओळखता.”

सोमवारपर्यंत शब्द बदला, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, असं लेखी आलंय. देऊ देत. मी काना-मात्रासुद्धा हलवणार नाही.

शनिवारी फलक अजून भिंतीवर असेल. या. इस्त्रीचा शर्ट नको, कामावरून थेट या आणि पुढच्या दाराने या. मी तिथेच उभी असेन. कोण आलंय, ते कुणीही विचारू दे.

सगळ्यांदेखत तुमचीच,
मुलगी