शेरीफचा शेवटचा चौकोन

१७ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

आज बुधवार पेठेतल्या पुस्तकवाल्याला पुन्हा विचारलं. आमच्या लहानपणी इंग्रजी पेपरात घोड्यावरच्या शेरीफची चित्रपट्टी रोज यायची, ती कुणी पुस्तकात छापली आहे का? मान वर न करता म्हणाला, "अहो काका, तुमच्याशिवाय ती आठवते कुणाला?"

खरं आहे. पण जाड कागद, नीट उमटलेली काळी शाई, असं एक पुस्तक निघायला काय हरकत आहे? नको त्या गोष्टींच्या देखण्या आवृत्त्या निघतातच की!

आम्हाला ती पट्टी कधी पूर्ण मिळालीच नाही. पानाच्या मागे शब्दकोडं असायचं. पेपर आमच्या हाती येण्याआधीच बाबा ते सोडवून, कापून स्पर्धेला पाठवायचे. त्यात शेरीफचा शेवटचा चौकोन जायचा. बक्षीस एकदाही लागलं नाही.

मग माझी थोरली बहीण, सुमाताई, त्या भोकामागे कोरा कागद चिकटवायची आणि पेन्सिलीने शेवट काढायची. गोळीबार कितीही होवो, तिचा शेरीफ शेवटच्या चौकोनात घरी येऊन पिठलं-भात खायचा. मी चिडायचो. खरा शेवट मला हवा असायचा.

ताई मार्चमध्ये गेली. तेव्हापासून या पुस्तकाचा ध्यास जास्तच लागलाय का? असेल.

उद्या अप्पा बळवंत चौकातही विचारून येईन. पण समजा मिळालंच, तर तो शेवटचा चौकोन बघवेल का मला? तिथे तो जेवत नसणार.