प्रिंट बरोब्बर येते

४ मार्च
जमलं! माझ्या टेबलावर विंडोज, लेकीच्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि प्रिंटर माझ्या कॉम्प्युटरला — दोघांचं आपसात पटेचना. दुकानदार म्हणाला होता, "काका, नवा प्रिंटर घ्या, हे नाही व्हायचं." न व्हायला काय झालं? कुठल्या क्लासला न जाता, वाचून वाचून केलं. लेकीने आतल्या खोलीत बटण दाबलं, बाहेर कागद! चाचणीचं पान दारावर चिकटवलंय.

आता हिचं शिवणकाम सुटसुटीत. कटिंगचे नमुने लेक लॅपटॉपवर काढते, ही ते छापील कागद कापडावर ठेवून कापते.

७ मार्च
नाटकवाल्या बाईंचा पहिला झगा चपखल बसला. म्हणाल्या, "नायिकेचाही असाच जमला, तर पुढच्या सगळ्या नाटकांचे कपडे तुमच्याकडे." कौतुक हिचं झालं. कागद कोणाच्या प्रिंटरमधून आला, ते मी काही बोललो नाही.

बोललो. दोनदा.

११ मार्च
लेकीच्या लॅपटॉपवरून सहज एक मोजपट्टी छापली. स्टीलच्या पट्टीला लावून बघतो तर दहा सेंटिमीटर भरले नऊ पूर्णांक सातच! लिनक्स कागद अमेरिकन मापाचा धरून बसलेलं, प्रिंटरमध्ये ए-फोर. 'पानात बसवा' ही खूण मीच ठेवलेली — सगळं आक्रसून येत होतं. पाच मिनिटांत दुरुस्त. पुन्हा मोजलं — दहा म्हणजे दहा!

कुणाला सांगितलं नाही. कपडा बसला होता ना? शिलाईत सामावलं असेल.

१४ मार्च
नायिकेचा झगा खांद्यावरून घसरतोय! परवा प्रयोग. "ताई, ह्यात मी आणि माझी बहीण दोघी मावू!" म्हणाली ती. हिने घरी येऊन कात्री ठेवली. "अंदाजच गेला माझा. आता बंद करते हे."

कागद तर आता बरोब्बर आहे. मग?

१५ मार्च
सांगून टाकलं. ही हसायलाच लागली! "अहो, कागद लहान येतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं. प्रत्येक तुकडा खडूने वाढवून कापत होते."

"मग बोललीस का नाही?"

"कशी बोलणार? दारावर पान लावून बसला होतात."

नुसत्या नजरेने तीन टक्के ओळखले हिने! मला स्टीलची पट्टी लागली.

सैल आहे, आत घेता येईल म्हणाली. टाके मी उसवतोय. पान काढायला उठलो, तर म्हणाली, "राहू द्या. आता खरं झालंय ते."