न वापरलेले म्हातारपण

मी, देवानंद देवजी वारघडे, वय चोपन्न, संस्कृत शिक्षक, राहणार जव्हार, मूळ गाव खोडाळ्याजवळ, आज पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण आणू शकेल असा इसम एकच, धाकटा भाऊ तुळशीदास. तो दोन वर्षे माझ्याशी बोलत नाही. मला रक्ताचा कर्करोग आहे. येता बोहाडा, म्हणजे गावचा देवांच्या सोंगांचा उत्सव, मी पाहीन, असे डॉक्टर म्हणत नाहीत. बायको-मूल नाही, म्हणून वाटणी आधीच करतो.

१. जव्हारचे घर व बँकेतली शिल्लक तुळशीदासची मुलगी योगिता हिला. शिरपामाळच्या चढावर माझ्याबरोबर पळणारी घरातली ती एकटीच. "काका, दम लागला का नुसतेच गप झालात?" असे ती विचारी. दोन्ही, बाई.

२. देह वैद्यकीय महाविद्यालयास. गावात म्हणतील, पळून पळून मेला. म्हणून डॉक्टरांनी हृदय व गुडघे उघडून पाहावेत आणि चारचौघांत सांगावे की ते चोख होते. ज्यांना काही जाळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी माझे बूट जाळावेत.

३. वटवाघळांच्या नोंदी सहशिक्षिका प्रमिला भोये यांना. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. तरुणपणी एका पडक्या देवळात मी एका वटवाघळीच्या हाताला खुणेचे कडे अडकवले. त्या देवळातल्या उंदरांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या. ती अजून उलटी टांगलेली आहे. आकार उंदराएवढाच, आयुष्य कितीतरी पट. का, एवढेच मला कळून घ्यायचे होते. म्हातारपण कसे येते हे मी आयुष्यभर वाचले, प्राण्यांत पाहिले, स्वतःच्या अंगावर पळून तपासले. आता पाहुण्याची एवढी तयारी केली आणि पाहुणा दारावरून परस्पर पुढे गेला.

४. नरसिंहाचा मुखवटा. बोहाड्यात देवाचे सोंग ज्या घराण्याकडे असेल त्यानेच ते नाचवायचे, हा आमच्याकडचा रिवाज. नरसिंह आमच्या घरचा. वडिलांनंतर तो मी नाचवला. मुखवटा लाकडी, जड. मान आणि दम दोन्ही लागतात. दोन वर्षांपूर्वी पंचांपुढे तुळशीदास म्हणाला, "दादा, आता वय झाला तुजा. डोकी बघ, निस्ता कापूस. मुकेशला नाचू दे."

मी म्हणालो, "मुखवट्यामागे केस दिसतात का रे?"

पंच हसले, आणि सोंग तुळशीदासच्या मुलाला, मुकेशला, दिले. वटवाघूळ आणि उंदीर एकाच टोपलीत घालणाऱ्या माणसांनी माझे वय ठरवले.

मुकेश पहिल्याच फेरीत मटकन खाली बसला. गर्दीतून गौराबाई ओरडल्या, "नरसिंव बसला रं! पानी पाजा देवाला!" लोक हसले. मी हसलो नाही, असे येथे शपथेवर लिहिता येत नाही. तुळशीदासने ते पाहिले. अबोला तेव्हापासूनचा.

मुखवटा वडीलकीच्या नात्याने अजून माझ्याच खुंटीवर आहे. तो मी तुळशीदासला देतो, मुकेशला नव्हे. तुळशीदासने तो स्वतः नाचवावा. ज्या म्हातारपणाच्या आरोपावरून माझे सोंग काढून घेतले, ते म्हातारपण मला मिळणारच नाही. तेही, न वापरलेले, त्यालाच देतो. त्याने ते कंबर, गुडघे व दातांसकट पूर्ण उपभोगावे.

मात्र ज्या दिवशी "आता वय झाला" हे शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून स्वतःबद्दल निघतील, त्याच दिवशी मुखवटा योगिताकडे जाईल. बाईमाणसाने सोंग घ्यायचे नसते, अशी हरकत पंचांनी घेतल्यास प्रमिलाबाईंनी त्यांना माझा जुनाच मुद्दा सांगावा. मुखवट्यामागे केस दिसत नाहीत. लांब असले तरी.

हा मजकूर पुन्हा वाचला. खोडावेसे काही वाटले नाही, म्हणून सही करतो.

देवानंद देवजी वारघडे (सही)

आमच्यादेखत सही झाली:
१. लहान्या सोमा गावित (सही)
२. गौराबाई लक्ष्मण वाघ (डाव्या हाताचा अंगठा)

जव्हार, १४ नोव्हेंबर २०२५