मोकळी जागा, वापर नाही

२३ जून १९५८, अंधेरी
एम.ए.चा वर्ग सुरू. विषय लोकप्रशासन. वय शेहेचाळीस. शेजारच्या बाकावरचा पोरगेला इसम मला प्राध्यापक समजून उठून उभा राहिला. खरे प्राध्यापक आले तेव्हा बसून होता. एका दिवसाला एवढाच आदर त्याच्यापाशी असावा.

प्रा. सबनीस. विलायतेत दोन वर्षं होते. तिथली थंडी अजून उतरलेली नाही, जूनमध्ये कोट. मी मनात त्यांचं नाव बृहस्पती ठेवलं. तासभर ‘धोरण म्हणजे काय’. तासाअखेर समजलं ते इतकंच, की आपण जिथे राहत नाही त्या जागेविषयी आपण लिहिलेला कागद म्हणजे धोरण.

सौ. म्हणाली, “काव्यतीर्थ झालात, चाळिशीत बी.ए. झालात. पोट भरलं नाही का?” नाही भरलं. बारा वर्षं उपनगरांचा वार्ताहर. गटारं, नळ, सत्कार. संपादक म्हणतात, कचेरीतली खुर्ची हवी तर एम.ए. व्हा. गेल्या महिन्यात ती खुर्ची ज्याला दिली तो एम.ए. आहे. बाकी काही नाही.

४ जुलै
आज बृहस्पतींनी नमुना-पाहणी शिकवली. फळाभर आकृत्या, घाम, कोट तसाच. आमच्या पाठशाळेत याला स्थालीपुलाक न्याय म्हणत: भांड्यातलं एक शीत चाचपा, भात शिजला की नाही कळतं. स्वयंपाक्यालाही कळतं. हात वर करून सांगितलं. “इंटरेस्टिंग,” म्हणाले, आणि पुढे गेले. पगडी घालून आलो असतो तर एवढंही म्हणाले नसते.

प्रबंधाचा विषय मिळाला: उपनगरांतल्या मोकळ्या जागांचा लोकोपयोग. माझ्या वाट्याला खाडीपलीकडचा कोळीवाडा. माझ्यासारख्या वरणभाताच्या माणसाला मुद्दाम दिला की काय.

शेजारचे नाईक कारवारकडचे, मासळीतले जाणकार. म्हणाले, “आत्ता पावसातच उरकून घ्या शास्त्रीबुवा. वासाचा त्रास नाही.” देवमाणूस.

१३ जुलै, रविवार
गेलो. खरंच वास नाही. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली निजलेल्या. गावाच्या शेवटी समुद्राला लागून ऐसपैस माळ: चिखल, गवत, दोन शेळ्या. पावलांनी मोजला. छत्री उलटी झाली.

कडेच्या घरात जानकीबाय म्हणून एक कोळीण. ओट्यावर बसवलं, काळा चहा दिला. प्रश्नावली काढली.
“ही जागा कुणाची?”
“सगल्यांची.”
“सगळ्यांची म्हणजे नक्की कुणाची?”
“सगल्यांची रं. बहिरा हायस काय?”
“इथे काय करता?”
“आता? आता काय करनार, पानी पडतंय ना!”

प्रश्नावलीत रकाने दोन. मालकी: कोणाचीही नाही. वापर: नाही. चहा बरा होता.

१९ ऑगस्ट
बृहस्पतींनी माझं प्रकरण वर्गात वाचून दाखवलं. माळाच्या जागी क्रीडांगण, कडेला वाचनालय, पुढेमागे वसाहत, अशी माझी शिफारस. “हीच ती दृष्टी!” म्हणाले. विलायतेहून आल्यापासून प्रथमच कोट काढला. ज्या वर्गाची मी रोज इथे हजेरी घेतो, त्याच्यासमोर मान ताठ झाली. लिहून ठेवतो; पुढे माझीही हजेरी घ्यायला बरं.

१० ऑक्टोबर
प्रकरण उपनगर सुधारणा समितीकडे गेलं. न विचारता. समितीचे अध्यक्ष तेच माझे बाहेरचे परीक्षक. बृहस्पती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शास्त्रीजी, पदवी खिशात.” सौ.ला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मी हसलो नाही, हे विशेष.

३० नोव्हेंबर, रविवार
कोळीवाड्यात सार्वजनिक नळाचं उद्घाटन. वृत्तपत्रातर्फे गेलो. नाकावर उपरण्याचा पदर, कारण बसमधून उतरताच…

माळ नव्हता. चिखल, गवत, शेळ्या, काही नाही. टोकापासून टोकापर्यंत बांबू रोवलेले, त्यांच्या आडव्या दोरांवर बोंबील टांगलेले, जबड्यात जबडा अडकवून. वलांड्या म्हणतात त्यांना. खाली जवळा पसरलेला. पन्नासएक बाया, खालीवर करतायत, बोलतायत, कावळे हाकतायत. मधून पाय टाकायला वाट नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध चुना फासलेले चार दगड. मोजणीदारांचे. माझ्या क्रीडांगणाचे चार कोपरे.

जानकीबायने उपरण्यासकट ओळखलं.
“पावसाल्यान आलेलास तो तूच ना रं, भटा? हे दगड तुजे?”
म्हटलं, तेव्हा इथे काही नव्हतं.
“पावसाल्यान कोन बोंबील सुकवील? तुजी आयस?”
बाया हसल्या. ती हसली नाही.
“मी काय बोल्लेली तुला? जागा कुनाची?”
“सगळ्यांची.”
“आनि तू काय लिवलंस?”

नळाची बातमी चार ओळी दिली. पाणी आलं, एवढंच.

स्थालीपुलाक! चूल पेटायच्या आधीच शीत चाचपून आलो. तेही कशासाठी, तर नाकासाठी. बृहस्पतींना काय हसतो. त्यांना निदान कोट तरी आहे.

३ डिसेंबर
नाईकांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? “अहो, बोंबील काय आढ्यावर सुकतात? मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. विद्वान माणूस.” याचं काय करावं.

८ डिसेंबर
बृहस्पतींपुढे प्रकरण मागे घेण्याचा अर्ज ठेवला. वाचला, घडी घातली.
“हंगामी वापर आहे म्हणा की. परिशिष्टात घाला.”
“सर, आठ महिने वर्षभराचं पोट वाळतं तिथे.”
“मग मोठं परिशिष्ट घाला.”
नंतर हळूच, “शास्त्रीजी, अध्यक्षांना शिफारस आवडली आहे. मार्चमध्ये तोंडी परीक्षा तेच घेणार.”
बाहेर पडताना वाटलं, हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडता आलं असतं.

२२ डिसेंबर
दोन आठवडे रोज त्यांच्या दारात. कंटाळून म्हणाले, ठीक, समिती एकदा जागा पाहील. फेब्रुवारीच्या बैठकीत निर्णय आहेच. अध्यक्षांचं पोस्टकार्ड दाखवलं: ‘स्थळाची माहिती असलेल्या विद्यार्थ्याने सोयीचा दिवस सुचवावा. मला उग्र वास सोसत नाहीत. पावसाळ्यातही चालेल, निर्णय तोवर थांबवता येईल.’

सोय कशाला म्हणतात ते या घरात माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पावसाळा लिहिला की मार्चची परीक्षा सुखरूप. जुलैत साहेब येतील, दोन शेळ्या पाहतील, चहा पितील.

सौ.ने कार्ड वाचलं. “यात विचार कसला करताय?” कोणत्या बाजूने म्हणाली ते विचारलं नाही.

२ जानेवारी १९५९
कार्ड लिहिलं: ‘रविवार, १८ जानेवारी. दुपारी बारा. ऊन कडक असावं.’ पेटीत टाकलं. टाकल्यावर हात आत घालून पाहिला. पोचत नाही.

११ जानेवारी, रविवार
उत्तर नाही. बृहस्पती वर्गात माझ्याकडे पाहत नाहीत. कोट पुन्हा चढला आहे. संपादकांनी विचारलं, एम.ए.चं कुठवर आलं? म्हटलं, वाळत घातलंय.

दुपारी कोळीवाड्यात जाऊन आलो. चुन्याचे दगड तिथेच. एकावर कुणीतरी जवळ्याची टोपली टेकवली होती. उपरणं खिशात ठेवलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, वासाचंच.

जानकीबाय वर न बघता बोंबील अडकवत होती.
“साहेब येनार काय रं?”
“बोलावलंय.”
“परत पावसाल्यान?”
“नाही. पुढच्या रविवारी, भर दुपारी.”
तेव्हा वर पाहिलं.
“सांग त्याला, नाक घेऊन ये. घरी ठेवून येशील तर चालनार नाय.”