स्पर्धा झाल्यावर बघू

प्रिय मॅडम,

तुम्ही गेल्याला चौदा महिने झाले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं, तेव्हा मी चार वाक्यं बोलून खाली बसले. सगळ्यांना वाटलं, बिचारीला रडू आवरेना. खरं म्हणजे मला राग आवरत नव्हता. कशाचा, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आज सांगता येईल असं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

आज सरावाआधी रेणुका जिमखान्यात आली. तुम्हाला आठवत असेल, अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी, पहिल्या वर्षाला होती तेव्हा तुम्ही तिला एकदा पळताना बघून "ही टिकेल" म्हणाला होता. टिकली. आता तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या तुकडीत पळायला उतरते आणि समोरच्या संघाला तीन-तीन मिनिटं हाताला लागत नाही. आपल्या खो-खो संघाची सगळी मदार तिच्यावर आहे.

दारातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, पोलीस भरतीचं आलंय. खेळाडू कोट्यातनं. मंगळवारी पुण्याला कागद तपासायला बोलिवलंय. ओरिजिनल लागत्यात म्हणं."

मंगळवारी आपला उपांत्य सामना. रविवारी संघ सांगलीला निघणार. मी हजेरीपटातून मान वर न काढता म्हणाले, "स्पर्धा झाल्यावर बघू."

तुमचं वाक्य, मॅडम. आवाजही तुमचाच, आणि मानही तशीच खाली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं माझी आई म्हणते ते काही खोटं नाही.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोन शब्द रागावले असते आणि विषय मिटला असता. पण ती नुसतं "बरं ताई" म्हणाली आणि बुटाच्या नाड्या बांधून मैदानावर गेली. मग दोन तास ती पळत होती आणि मी शिट्टी वाजवत होते. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवलं नाही. आता मुली घरी गेल्यात, अजून उजेड आहे, आणि मी तुमच्या त्या लोखंडी कपाटासमोर बसलेय.

हे कपाट नसतं तर हा संघ झाला असता का? मी स्वतःशी पुष्कळ वाद घातलाय यावर. संघात निवड झाली की प्रत्येक मुलीनं आपली मूळ कागदपत्रं तुमच्याकडं आणून द्यायची, हा तुमचा नियम. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्माचा दाखला, खेळाची सगळी प्रमाणपत्रं. एका मुलीची एक फाईल, वर तुमच्या गोल अक्षरात नाव. "पात्रता अर्जाला लागतात. घरी ठेवाल तर उंदीर खातील," तुम्ही सांगायचा. कपाटाची किल्ली शिट्टीच्या दोरीला, आणि दोरी तुमच्या गळ्यात. रिटायर झालात तरी किल्ली काही तुम्ही दिली नाहीत. रोज संध्याकाळी मैदानावर यायचा, खुर्ची टाकून बसायचा, आणि कुणाला काही हवं असलं की दोरी गळ्यातून काढायचा.

उंदरांची गोष्ट कुणालाच खरी वाटत नव्हती. खरं कारण आम्हा जुन्या मुलींना ठाऊक होतं. तुमच्या पहिल्या अजिंक्यपदानंतर दुसऱ्या एका कॉलेजनं फुकट हॉस्टेलचं आमिष दाखवून तुमच्या तीन मुली पळवल्या. ज्या मैदानावरचे दगड तुम्ही स्वतः वेचले होते, जिथं ओढण्या कमरेला बांधून पळणाऱ्या पोरींना तुम्ही खेळाडू केलं होतं, तिथून तीन जणी एका उन्हाळ्यात उठून गेल्या, आणि पुढच्या वर्षी तुमच्याच विरुद्ध खेळल्या. तुम्ही ते कधीच विसरला नाहीत. कपाट त्याच वर्षी आलं.

आणि कपाटानं मुली वाचवल्यासुद्धा, हेही मला कबूल करायला हवं. सविताचे वडील दुसऱ्या वर्षातच तिला लग्नासाठी न्यायला आले होते, बरोबर दोन पाव्हणे घेऊन. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि गंभीर चेहरा करून म्हणालात, "मामा, कागद विद्यापीठात अडकलेत. परीक्षा होईस्तोवर सुटत नाहीत. आता नेलीत तर अर्धवट शिकलेली म्हणून न्यावी लागेल." पाव्हण्यांनी एकमेकांकडं बघितलं. सविता राहिली. आज ती बार्शीत शाळेवर शिक्षिका आहे आणि तुमचा फोटो तिच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. तेव्हा तुम्हाला वाईट कसं म्हणू?

मलाही तुम्हीच आणलंत. टेंभुर्णीपासून आत आमच्या वस्तीवर तुम्ही एसटीनं आणि मग चालत आलात, पायात खेळाचे बूट आणि अंगावर इस्त्रीची साडी. आमच्याकडं सगळे तुमच्या बुटांकडंच बघत होते. वडिलांना म्हणालात, "पोरगी पाच वर्षं मला द्या." वडिलांनी दिली. आई मात्र आतून म्हणाली, "पाच म्हंजे पाच हां बाई. माज्या लेकीला इसरून ठिवू नगा तिकडं."

पेठेतल्या तुमच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही सहा जणी राहायचो. तुमची अम्मा आमच्याशी तेलुगूत बोलायची आणि आम्ही मराठीत उत्तर द्यायचो, तरी कधी अडलं नाही. तुम्ही मला "पिल्ला" म्हणायचा. पहिले आठ दिवस मी मनातून रागावले होते, ही बाई मला कुत्र्याचं पिल्लू समजते की काय! मग अम्मांनी सांगितलं, आमच्यात मुलीला तसं म्हणतात. दर अजिंक्यपदानंतर तुमचे भाऊ अक्कलकोट रोडच्या त्यांच्या कारखान्यातून प्रत्येकीला एक टॉवेल पाठवायचे. आईनं ते अजून वापरायला काढलेले नाहीत, पाव्हण्यांना दाखवते.

एवढं सगळं दिलंत, मग मी रेल्वेचं पत्र मनात धरून का बसले?

तिसऱ्या वर्षाला होते. रेल्वेच्या खेळाडू भरतीचं बोलावणं आलं होतं, निवड चाचणीचं. बरोबर मूळ प्रमाणपत्रं आणा, असं लिहिलं होतं. मी पत्र घेऊन तुमच्याकडं आले. तुम्ही मैदान आखत होता, हातात फक्कीचा डबा. पत्र वाचलंत, घडी घातलीत, परत दिलंत. "स्पर्धा झाल्यावर बघू, पिल्ला." चाचणी स्पर्धेच्या मधल्या दिवशी होती, हे तुम्ही वाचलं होतं. मीही वाचलं होतं.

आपण जिंकलो. अंतिम सामन्यात मी तीन मिनिटं दहा सेकंद पळाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहात. "पुढच्या वर्षी परत निघेल भरती," म्हणालात. पुढच्या वर्षी निघाली, पण तोवर माझा गुडघा गेला होता. मग तुम्ही मला मदतीला ठेवून घेतलंत. संघाची ताई. पाच वर्षांची सतरा झाली.

मला तुम्ही दोरीनं बांधलं नव्हतं, हेही लिहिते. तुमच्या गळ्यातली किल्ली मागायची होती, एवढंच. मागितली असती तर तुम्ही दिली असती का? मला वाटतं, चिडून का होईना, दिली असती. पण मी मागितलीच नाही. कारण "मंगलशिवाय माझं पान हलत नाही" असं तुम्ही चार लोकांत म्हणायचा, आणि ते ऐकायला मला आवडायचं. कौतुकाला भुलायची ही चूक माझ्यासारखीच माणसं करत असतील.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात तुमच्या भावानं शिट्टी, दोरी आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तिची इच्छा होती," म्हणाले. सगळ्यांना तो मोठा मान वाटला. मी दोरी गळ्यात घातली आणि मान खरंच जड झाली. आता कुणावर ढकलायचं? इतकी वर्षं "मॅडमनी अडवलं" म्हणायला तुम्ही तरी होता.

माझी स्वतःची फाईल अजून याच कपाटात आहे, सांगितलं तर हसाल. चौदा महिने किल्ली माझ्याकडं आहे आणि मी ती बाहेर काढलेली नाही. परवा आईनं फोनवर विचारलं, "कुटवर त्या पोरींच्या मागं पळतीस गं? तुजं कागद तरी तुज्याकडं हायत का?" मी म्हटलं, "आहेत की." ती म्हणाली, "व्हय? मग कुटं जायाचं ठरीवलंस?" चौतीस वर्षांच्या बाईला कागद घेऊन जाण्यासारखं ठिकाणही लागतं ना.

आता तुम्ही विचाराल, मग आज रेणुकाला का अडवलंस? ऐका. मी अजून तासिका तत्त्वावर आहे. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि तेच ते "बघू". प्राचार्यांच्या खोलीत तुमच्या आठही अजिंक्यपदांचे फोटो ओळीनं लावलेत आणि शेवटी एक जागा मोकळी ठेवलीय. गेल्या महिन्यात त्यांनी मला त्या भिंतीसमोरच उभं केलं. म्हणाले, "मॅडमची परंपरा आहे. नववं आलं की तुमच्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव मी स्वतः पुढं पाठवतो." नाही आलं तर काय, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी गत आहे. रेणुका खेळली तर नववं येईल, मी सुटेन आणि ती अडकेल. रेणुका गेली तर ती सुटेल.

दोन तास मी स्वतःला तुमचीच कारणं देत बसले. भरती काय, परत निघते. पोरगी लहान आहे. संघ आधी. मंगळवारचा सामना झाला की रात्रीच्या गाडीनं पाठवू, विनंती करू, कुणाला तरी फोन करू. मॅडम, ही कारणं किती सहज सुचतात हो! तुम्हालाही अशीच सुचली असतील. तुम्हालाही कुठल्या तरी प्राचार्यांनी कुठल्या तरी भिंतीसमोर उभं केलं असेल. हे आज पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं आणि तुमच्यावरचा अर्धा राग तिथंच गेला.

उरलेला अर्धा दवाखान्यातल्या त्या दुपारचा आहे.

शेवटचे दिवस होते. मी पेज घेऊन आले होते. तुम्ही मला ओळखत होता, पण वर्षं तुमच्या हातून सुटली होती. दोन घोट घेतलेत आणि मध्येच विचारलंत, "पिल्ला, ते रेल्वेचं काय झालं ग?"

माझा चमचा हातातच राहिला. म्हणजे तुम्ही विसरला नव्हता. इतकी वर्षं, एवढ्या स्पर्धा, एवढ्या मुली, आणि ती घडी घातलेली चिठ्ठी तुमच्या मनात तशीच होती. मग एकदा तरी बोलायचं होतं, मॅडम. मैदान आखताना, एसटीत, माझ्या गुडघ्याला तेल चोळताना. "चुकलं माझं" एवढे दोनच शब्द. मी लगेच माफ केलं असतं, तुम्हाला माहीत होतं.

मी म्हटलं, "लागली की नोकरी, मॅडम. केव्हाच लागली."

तुम्ही डोळे मिटलेत. "बघ. मी म्हटलं होतं ना, स्पर्धा झाल्यावर होईल." आणि इतक्या समाधानानं झोपलात की मी तिथंच पदरात तोंड घालून रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं, तुम्ही गेलात.

नव्हती लागली, मॅडम. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं ते हे.

मघाशी मी कपाट उघडलं आणि रेणुकाची फाईल काढली. तिला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी येऊन घेऊन जा, सोमवारी पुण्याला जा, सांगलीला येऊ नकोस. ती म्हणाली, "पण ताई, आपण हरू की."

"हरू," मी म्हटलं.

"मग तुमचं कसं हो?"

पोरींना सगळं माहीत असतं, नाही का? माझ्या प्रस्तावाचं, त्या भिंतीवरच्या मोकळ्या जागेचं. आम्हालाही तुमचं सगळं माहीत असायचं. मी तिला म्हटलं, "माझं मी बघते." कसं, ते मला अजून माहीत नाही. उद्या प्राचार्यांना सांगायचंय. बाकीच्या मुलींनाही त्यांच्या फायली वाटून टाकणार आहे. सांगलीला पात्रतेपुरत्या बरोबर आणतील आपापल्या. एखादी हरवेल, एखादी दुसऱ्या कॉलेजात जाईल. जाऊ दे. तुम्ही रागावाल ते मला चालेल. माझ्या फाईलला मात्र अजून हात लावायचा राहिलाय. तिच्याकडं बघितलं की हात मागं येतो. ते एका दिवसात जमेल असं वाटत नाही.

पण एक वचन देते, मॅडम, आणि हे कुणाच्या सांगण्यावरून देत नाही. मीही कधीतरी अशीच खाटेवर पडेन, वर्षं सुटतील, आणि समोर बसलेल्या मुलीला तिच्या नोकरीचं विचारेन. तेव्हा माझ्या संघातल्या एकाही पोरीला मला झोप लागावी म्हणून खोटं बोलावं लागणार नाही.

तुमची,
मंगल